अझरक (जॉर्डन): वाळवंटातली पाणथळ, तिथले पक्षी आणि आपली खाडी

शेकाट्या
व्यनित (खाजगी निरोपात) बऱ्याच जणांनी माझ्या जॉर्डनच्या ट्रिपबद्दल विचारलं म्हणून सगळं एकत्रच लिहितोय. जॉर्डन म्हटलं की टूरवाले पेट्रा, डेड सी, वादी रम एवढंच दाखवतात, पूर्वेकडच्या वाळवंटात सहसा कोणी नेत नाही. अम्मानपासून साधारण शंभर किलोमीटरवर अझरक नावाचं गाव आहे. तिथून एक रस्ता इराककडे जातो आणि एक सौदीकडे, त्यामुळे गावात शिरताना दिसतात ते ट्रक, टायर पंक्चरवाले आणि भाजलेल्या चिकनच्या टपऱ्या. इथे पक्षी बघायला यायचं असतं हे बायकोला अजिबात पटत नव्हतं, आणि गाडीतून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं तर माझाही आवाज जरा खालीच होता.

गावाला चिकटूनच पाणथळीचं राखीव क्षेत्र आहे, अंदाजे १२ चौरस किलोमीटर. १९७७ साली रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळींची आंतरराष्ट्रीय यादी) गेलं, जॉर्डनमधलं पहिलं. रॉयल सोसायटी फॉर द कन्झर्वेशन ऑफ नेचर ही तिथली संस्था सांभाळते. तिकीट काढायचं, मग बोरू आणि पाणकणसातून लाकडी फळ्यांची पायवाट जाते आणि मध्ये मातीच्या विटांचं एक हाइड (लपून पक्षी बघायची खोली) आहे. बाहेर नुसता काळा दगड आणि करडी माती, आत शिरलं की एकदम ओला वास. बेडूक ओरडतायत आणि सेटीज वॉर्बलर नावाचा एवढासा पक्षी कानाशी फटाका फोडल्यासारखा ओरडून गप्प होतोय (दिसत मात्र नाही, मेलं तरी दिसत नाही).

मार्चअखेर गेलो होतो म्हणजे स्थलांतर जोरात. स्क्वाको हेरॉन भरपूर, हा आपल्या वंचक बगळ्याचा चुलतभाऊच, उभं राहायची पद्धतही तीच, मान अंगात घालून ढिम्म. एक तर पायवाटेपासून हाताच्या अंतरावर होता. पाण्यावर आडव्या पडलेल्या बोरूवर बसलेला, चोच पाण्याला जेमतेम टेकलेली, आणि मध्येच चोच अगदी हलकी उघडमीट करून पाण्यात बारीक तरंग काढत होता. मासा वर आला की खलास. वंचकाला असं करताना मी तरी पाहिलेलं नाही, कोणी पाहिलं असेल तर सांगा. शिवाय लिटल बिटर्न, मार्श हॅरियर, शंकर (निळ्या गळ्याचा छोटा पक्षी), पिवळ्या डोक्याचा धोबी, शेकाटे (अर्थात!), पाणकोंबड्या, आणि आपला खंड्यासुद्धा. तो तिकडे तुर्कस्तान-इजिप्तपर्यंत पसरलेला आहे, पण एवढ्या लांब जाऊन तलावपाळीवरचा गडी भेटला की हसूच येतं. डेड सी स्पॅरो ही चिमणी मात्र आपल्याकडे नाही, नराचं डोकं राखाडी आणि मानेला दोन्ही बाजूंना पिवळा ठिपका.

आता खरी गोष्ट. हे जे आत्ता दिसतं ते मूळ पाणथळीच्या दहा टक्क्यांच्या आसपास आहे म्हणतात. २ फेब्रुवारी १९६७ ला तिथे पक्ष्यांची मोजणी झाली होती, आकडा ३,४७,०००. बरोबर तेहतीस वर्षांनी त्याच तारखेला मोजले तर १,२००. शून्य खाल्लेलं नाही, बाराशेच. मधल्या काळात अम्मान वाढलं आणि अझरकचं पाणी पाइपातून अम्मानला गेलं, आणि १९९२ मध्ये झरे वाहायचेच थांबले. १९९४ पासून बोअरचं थोडं पाणी परत पाणथळीत सोडतात, त्यावर आत्ताचं सगळं उभं आहे. पायवाटेच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला भेगा पडलेली जमीन असं चालताना दिसतं.

फोटो नंतर टाकतो, विचारा काय विचारायचं ते.

मुग्धा_वाशी
मस्त लिहिलंय. वाखुसा (वाचनखूण साठवली). त्या आकड्यापाशी थांबून परत वाचलं. साडेतीन लाख म्हणजे आपल्या अख्ख्या ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंपेक्षा किती तरी जास्त!

घोडबंदरकर
लेख चांगला आहे पण एक बोलू का, राग मानू नका. म्हणजे पंपाने भरलेलं तळं बघायला व्हिसा, विमान, गाडी एवढा खर्च? त्यापेक्षा मुलुंडला उतरून भांडुप पंपिंग स्टेशनला गेलं की तेच शंकर, तेच हॅरियर, तोच धोबी, आणि तिथेही पंपच, हाहा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला बघायला जावं तसं वाटलं मला हे वाचून. यादी वाढवायची असेल तर ठीक आहे.

शेकाट्या
@घोडबंदरकर राग कसला, बायको हेच म्हणाली होती. यादीसाठी जात असाल तर जाऊच नका, यादी भांडुपलाच जास्त होईल. माझं म्हणणं उलट आहे. आपण पक्षी मोजतो, पाणी कोणी मोजत नाही. अझरकला पाण्याकडे बघण्यावाचून गत्यंतरच नाही, कारण ते कुठून येतं, कोण सोडतं, किती सोडतं हे सगळं उघड्यावर आहे. आणि आपली खाडी तरी कुठे पूर्ण नैसर्गिक राहिलीय? सांडपाण्यामुळे शेवाळ वाढलं, शेवाळावर फ्लेमिंगो वाढले, असं अभ्यासकच सांगतात. आपण गुलाबी फोटो काढतो आणि नाकाला रुमाल लावतो.

बोअरवेल
शेकाट्याराव, आमच्या धंद्याचा विषय काढलात (भूजल, ठाण्यात बसून कोकणभर फिरतो) म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

अझरकला पाऊस वर्षाला १०० मिमी पण नाही. आपल्याकडे जुलैत एका दिवसात तेवढा पडला तर लोकल अर्धा तास लेट, बाकी काही नाही. मग तिथे झरे कुठून आले? ते खोरं साधारण १२ हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याचं वरचं टोक सीरियात, जबल अल-द्रूझ नावाच्या डोंगरात. तिकडे पाऊस आणि थोडा बर्फ पडतो, पाणी बसॉल्टच्या भेगांतून मुरतं आणि जमिनीखालून सावकाश उतारावर येतं. अझरक म्हणजे त्या खोऱ्याचा खोलगट तळ, तिथे पाणी वर फुटायचं. बसॉल्ट म्हणजे आपलाच काळा दगड, सह्याद्रीचा. पण आपल्याकडे वर पावसाचा मारा असतो म्हणून बोअर चुकली तरी निभावतं. तिथे मुरणारं पाणी थोडं आणि उपसणारे अनेक. राजधानीच्या विहिरी एकीकडे, आणि शेतीच्या शेकडो बोअर दुसरीकडे, त्यातल्या बऱ्याच बिनपरवाना. शहरानेच सगळं प्यायलं असं म्हणून शेतकऱ्याला मोकळं सोडता येत नाही आणि उलटही नाही.

यात वाईट भाग असा की पाण्याची पातळी नुसती खाली जात नाही. झऱ्यांच्या शेजारीच मिठाचा सपाट पट्टा आहे (अझरकचं मीठ पूर्वी विकलं जायचं), त्याच्याखाली खारट पाणी. गोड्या पाण्याचा दाब होता तोवर ते खारट पाणी आपल्या जागी होतं. गोडं उपसलं की खारट सरकायला लागतं. वसई-पालघरच्या वाडीवाल्यांना विचारा, विहीर मचूळ झाली की काय होतं. एकदा खारावलेलं खडकातलं पाणी परत गोडं व्हायला पिढ्या जातात. म्हणून झरे पुन्हा आपोआप सुरू होतील ही आशा मी तरी ठेवणार नाही, सोडलेल्या पाण्यावरच चालवावं लागणार.

चिऊताई_डोंबिवली
बापरे बोअरवेलकाका, शाळेत असं कोणी शिकवलं असतं तर भूगोलात पास झाले असते 😄

शेकाट्यादादा माझे प्रश्न जरा वेगळेच आहेत. आम्ही जॉर्डनचा विचार करतोय, सासूबाई सोबत, त्या अंडंही खात नाहीत. अझरकला खायला काय मिळतं? राहायची सोय? आणि मुलगा नऊ वर्षांचा आहे त्याला तिथे बोअर होईल का (इथे वेगळी बोअर)

शेकाट्या
@चिऊताई शाकाहाराचं टेन्शन घेऊ नका. हमस, फलाफल, लबने (आपला चक्काच, वर ऑलिव्ह तेल), झातर (तिकडचा सुका मसाला) लावलेली गरम रोटी, सकाळी फूल म्हणजे बाकल्याची उसळ. सासूबाईंना तीन दिवस चालेल, चौथ्या दिवशी पोळीभाजी आठवेल, ते कुठेही होतंच. मनसफ हा त्यांचा मानाचा पदार्थ मटणाचा असतो, तेवढं आग्रहाच्या वेळी लक्षात ठेवा.

राहायला अझरक लॉज आहे, १९४० च्या दशकातलं ब्रिटिश लष्कराचं इस्पितळ होतं, पाणथळ सांभाळणाऱ्या त्याच संस्थेने त्याचं हॉटेल केलंय. जेवण चेचेन पद्धतीचं. हो, चेचेन. शंभरएक वर्षांपूर्वी कॉकेशसमधून आलेली कुटुंबं तिथे स्थायिक झाली, पलीकडच्या वस्तीत द्रूझ पंथाचे लोक. वाळवंटातल्या एका पाण्याभोवती कुठकुठून माणसं येऊन बसलीत ते बघायला मिळतं.

मुलाला म्हशी दाखवा! पाणथळीत मुद्दाम म्हशी ठेवल्यात. बोरू इतका माजतो की उघडं पाणीच उरत नाही, म्हशी तो खातात, तुडवतात, मग बदकांना आणि टिटव्यांना जागा होते. त्याला अझरकचा किल्लाही आवडेल, काळ्या बसॉल्टचा, दारसुद्धा दगडाचं, अखंड शिळेचं, आणि अजून बिजागरीवर फिरतं. १९१७-१८ च्या हिवाळ्यात लॉरेन्स ऑफ अरेबिया (पहिल्या महायुद्धात अरबांसोबत लढलेला ब्रिटिश अधिकारी) तिथे राहिला होता. वाटेत कुसैर अम्रा लागतं, आठव्या शतकातलं हमामखान्याचं छोटं घर, आत भिंतभर चित्रं. ते चुकवू नका.

नाखवा
वाचत होतो गप्प, पण माश्यांचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. जिथे बगळे आहेत तिथे मासा आहे. तिकडचा मूळ मासा कुठला आहे?

शेकाट्या
@नाखवा बरं झालं विचारलंत, हे लिहायचं राहूनच गेलं होतं. अझरक किलीफिश. बोटाएवढा, नराच्या अंगावर उभे पट्टे, जगात फक्त याच पाण्यात सापडतो. झरे आटले तेव्हा जवळजवळ संपलाच होता. उरलेले थोडे पकडून वेगळ्या तळ्यात वाढवले आणि परत सोडले. पायवाटेवरून खाली वाकलं तर उथळ पाण्यात दिसतात. मला सुरुवातीला काडीकचरा हलतोय असं वाटलं, मग एकाने वळण घेतलं आणि पट्टे चमकले. त्याला आणखी एक त्रास म्हणजे बाहेरून आणून सोडलेले मासे, त्यात चिलापी (तिलापिया) पण आहे.

नाखवा
चिलापी! तिकडे पण पोचली. आमच्या तलावात घातली तेव्हापासून बाकी काही जाळ्यात येईना, ज्याने आणली त्याला खायला घातली पाहिजे रोज.

आणि घोडबंदरकर, पंपाला हसू नका. नेरुळच्या फ्लेमिंगोच्या तलावाचं काय झालं ते आम्ही समोर बघितलंय. भरतीचं पाणी आत यायची वाट बुजली, पाणी साचून हिरवं पडलं, वरून शेवाळाची साय धरली आणि पक्षी यायचे कमी झाले. वाट मोकळी केली तसं पाणी खेळायला लागलं. खाडीचं पाणी फुकट आहे, समुद्र पंपाचं बिल लावत नाही, तरी आपल्याला एक तोंड उघडं ठेवता येत नाही. तिकडे ते लोक वाळवंटात बोअर मारून पाणी देतायत, मला तर त्यांचं कौतुक वाटतं.

घोडबंदरकर
नाखवा, मान्य. नेरुळचं मी विसरलो नव्हतो, पण असं शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. तरी एक शंका राहते, दहा टक्के जिवंत ठेवून आपण बघा वाचवलं म्हणायला मोकळे होतो का? बाकीच्या नव्वद टक्क्यांचा प्रश्न तिथेच संपतो. उद्या इथेही कोणी म्हणेल की एक तलाव ठेवलाय ना तुमच्या पक्ष्यांना, बाकीची पाणथळ द्या टॉवरला.

मुग्धा_वाशी
+१००. हे आत्ताच म्हणतात, उद्याची वाट कशाला बघताय.

ठाणेकर_अबुधाबी
माहेर नौपाडा, सध्या मुक्काम वाळवंट. ज्यांना जॉर्डन लांब पडतं त्यांच्यासाठी आमच्या अल वथबाबद्दल लिहिते. अबुधाबी शहरापासून पाऊण तास, चारी बाजूंनी वाळूच्या टेकड्या आणि मध्ये पाणी. हे तर मूळचं ओअ‍ॅसिसही नाही, सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून सोडलेलं पाणी साठत गेलं आणि पक्षी यायला लागले. फ्लेमिंगोंनी तिथे घरटी केली आणि १९९८ मध्ये शेख झायेद यांनी ते राखीव केलं. २०१३ पासून रामसर. क्षेत्र पाचएक चौरस किलोमीटर म्हणजे अझरकच्या निम्म्याहून कमी, पण अडीचशेच्या वर जातींची नोंद आहे.

इथलं पाणी कडक खारट, त्यात आर्टेमिया नावाचे कोळंबीचे बारके नातेवाईक, फ्लेमिंगो तेच खातात आणि गुलाबी होतात. थंडीच्या सीझनमध्येच उघडं असतं, त्यामुळे आधी वेबसाइट बघूनच निघा. मी आईला घेऊन गेले होते, ती म्हणाली एवढे तर ऐरोलीच्या पुलावरून पण दिसतात, चल आता गोल्ड सूकला. 😑

गंमत अशी की ठाण्यात फ्लेमिंगो लाखाच्या घरात येतात पण घरटी करत नाहीत, त्यासाठी कच्छच्या रणात जातात. इथे थोडेच आहेत पण पिल्लं होतात. शांतता लागते त्यांना आणि पाण्याची पातळी जागेवर राहावी लागते, पाणी मध्येच चढलं तर मातीची घरटी बुडतात आणि आटलं तर कोल्हे-कुत्रे चालत पोचतात. इथे पातळी माणसाच्या हातात आहे, हा एक फायदा म्हणायचा.

बोअरवेल
ताई हा मुद्दा फार मोलाचा. पाणी किती याच्याइतकंच कधी हेही महत्त्वाचं. अझरकलाही झऱ्यांचं तळं वेगळं आणि पावसाळी सपाट पट्टा वेगळा, त्याला काअ म्हणतात. हिवाळ्यात चांगला पाऊस झाला तर तो काही आठवडे उथळ सरोवर होतो आणि बदकं, चिखलपक्षी सगळे तिकडे. साडेतीन लाखांतले बहुतेक अशाच पाण्यावर असणार हा माझा अंदाज, बोरूच्या तळ्यात एवढे मावणारच नाहीत.

शेकाट्या
बरोबर. मी गेलो तेव्हा काअ कोरडा होता, नुसती मृगजळं. @घोडबंदरकर तुमची शंका रास्त आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही असं नाही, उत्तर आहे पण गोड नाही. दहा टक्के ठेवले म्हणून किलीफिश आहे. ते ठेवले नसते तर नव्वदसाठी भांडायला कारणच उरलं नसतं. पण दहा टक्क्यांची पाटी दाखवून बाकीचं विकणारे भेटतील, तिथे आणि इथे, तेव्हा भांडायचं. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला तरी आजूबाजूच्या भरतीच्या तलावांसाठी लोकांना अजून पत्रं लिहावी लागतायतच.

पळसमैना
स्वस्तातला पर्याय: जोधपूरपुढे फलोदीजवळ खीचन. हेही वाळवंटच. थंडीत हजारोंनी कांड्या करकोचे येतात, गावातले जैन लोक पिढ्यानपिढ्या दाणे टाकतात, सकाळी चुग्गाघराच्या (दाणे टाकायच्या जागेच्या) आसपासच्या गच्चीवर बसून बघायचं. दाणे खाऊन झाले की पक्षी तलावावर जातात. २०२५ मध्ये रामसर यादीत आलंय. तिथे पाण्यापेक्षा विजेच्या तारांची भीती जास्त, करकोचे धडकतात.

@शेकाट्या, बसॉल्टमधले काळे चंडोल मिळाले का? त्यासाठीच लोक अझरकच्या उत्तरेला जातात असं ऐकलंय.

शेकाट्या
मिळाले!! साफावीकडे जाणाऱ्या रस्त्याला ड्रायव्हरला थांबवून ठेवला होता, तो बिचारा दगडांकडे बघून विचारत होता इथे काय. डेझर्ट लार्क हा चंडोल एरवी वाळूच्या रंगाचा, पण या लाव्हाच्या पट्ट्यात राहणारी त्याची उपजात गडद, जवळजवळ धुरकट काळी. दगडावर बसला की गायब, उडाला की आहे. तसाच मोर्निंग व्हीटइअर, एरवी काळा-पांढरा, इथला पोटापर्यंत काळा. फिकट मातीवर काळा पक्षी घारीला लगेच दिसणार, काळ्या दगडावर फिकट पक्षी. म्हणून जिथला तिथे. रस्ता सोडून फार आत जाऊ नका, जवळपास लष्करी भाग आहे, दुर्बीण आणि लेन्स कुठल्या दिशेला रोखताय ते बघा, आणि ड्रोन तर घरीच ठेवा.

चिऊताई_डोंबिवली
सगळं लिहून घेतलं. जॉर्डन डिसेंबरात ठरलं तर थंडी किती असेल हो? आणि तोपर्यंत मुलाला सराव म्हणून नेरुळला न्यायचंय, कधी गेलं की फ्लेमिंगो नक्की दिसतात? मागच्या वेळी गेलो तर एक बगळा आणि दहा सेल्फीवाले.

शेकाट्या
डिसेंबरात रात्री कडाक्याची, स्वेटर नाही जाकीट लागेल, पण बदकं तेव्हाच असतात. नुसत्या स्थलांतराच्या गर्दीसाठी मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर. नेरुळचं नाखवा सांगतील.

नाखवा
ताई, घड्याळ बघून जाऊ नका, भरती बघून जा. खाडीत ओहोटी असली की पक्षी चिखलावर लांब पसरतात, तलावात कोण कशाला येईल. भरती चढायला लागली, चिखल बुडाला की मग थवे तलावात उतरतात. मोबाईलवर भरतीची वेळ मिळते, त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी जाऊन बसा. सकाळची भरती असलेला दिवस निवडा, दुपारी उन्हात पोराचे हाल होतील. जानेवारी ते मे कधीही. गाडी लांब लावा आणि काठावर खाली उतरू नका, चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो.